‘देव असशील, पण खुळा आहेस मुरुगा’: दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ कवितेतला कार्तिकस्वामी

कार्तिक पौर्णिमेला पुण्यात पर्वतीवरच्या कार्तिकस्वामीपुढे रांग लागते. कृत्तिका नक्षत्र किती वाजता लागतं आणि किती वाजता संपतं ते पंचांगात बघून लोक निघतात. एरवी वर्षभर त्याची फारशी कुणाला आठवण नसते. स्त्रियांनी त्याचं तोंड पाहू नये, पाहिलं तर सात जन्म वैधव्य येतं, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. काही ठिकाणी त्या योगापुरती सवलत मिळते, काही ठिकाणी तीही नाही. कारण काय, तर तो ब्रह्मचारी.

हाच देव तमिळनाडूत गेला की मुरुगन होतो, आणि तिथे त्याच्या शेजारी एक सोडून दोन बायका उभ्या असतात. घराघरात, रिक्षाच्या काचेवर, कॅलेंडरवर तोच. २०२४च्या ऑगस्टमध्ये पळनी या त्याच्या तीर्थक्षेत्री राज्य सरकारने त्याच्या नावाने जागतिक परिषद भरवली. २०२५च्या डिसेंबरात मदुरैजवळच्या तिरुप्परंकुंड्रम टेकडीवर कार्तिगैचा दीप नेमका कुठे लावायचा, हा वाद मद्रास उच्च न्यायालयात गाजला. अशी बातमी आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘मुरुगन हा संगम काळापासूनचा तमिळ देव आहे.’ संगम काळ म्हणजे काय, त्या कवितांत हा देव कसा दिसतो आणि त्याची पूजा कशी होते, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. ती पूजा बरीच वेगळी होती. आणि ती जिच्यासाठी मांडली जायची, ती मुलगी बहुतेक वेळा मनातल्या मनात हसत असायची.

आधी ‘संगम’ म्हणजे काय

मदुरैला पांड्य राजांच्या आश्रयाने कवींच्या सभा भरत, अशी आख्यायिका आहे. त्या सभा म्हणजे संगम. सभांचं खरंखोटं बाजूला ठेवू. कविता मात्र खऱ्या आहेत आणि आपल्यापर्यंत पोचल्या आहेत. आठ संग्रह आणि दहा दीर्घकाव्यं मिळून २,३००हून जास्त कविता. कवी पावणेपाचशेच्या आसपास, आणि त्यांत बऱ्याच बायकाही. काळ ढोबळमानाने इ.स.पू. ३०० ते इ.स. ३०० धरतात, त्यावरून अभ्यासकांची भांडणं चालूच असतात.

साधारण याच काळात आपल्याकडे सातवाहनांचं राज्य होतं आणि हालाची गाथासप्तशती आकाराला येत होती. गाथेतल्या चोरट्या भेटी, शेतं, सासू-सुना, मैत्रिणींचे टोमणे ज्याला आवडतात, त्याला संगम कविता परक्या वाटणार नाहीत. दोन्हींत इतकं साम्य आहे की त्यावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत.

या कवितांचे दोन भाग पडतात. ‘अकम्’ म्हणजे आतलं आणि ‘पुरम्’ म्हणजे बाहेरचं. उंबऱ्याच्या आत प्रेम, रुसवा, विरह. उंबऱ्याबाहेर राजा, लढाई, दान, मरण. अकम् कवितेचा एक नियम फार सुंदर आहे: प्रेमिकांचं नाव घ्यायचं नाही. ‘तो’, ‘ती’, ‘मैत्रीण’, ‘आई’, एवढंच. देवाचं नाव घेतलं तर चालतं, प्रियकराचं नाही.

मुरुगन सगळ्यात जिवंत दिसतो तो या ‘आतल्या’ कवितांत. म्हणजे स्तोत्रांत नाही, प्रेमकवितांत. हे ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं.

डोंगर त्याचा कसा झाला

जुन्या सिनेमात नायक-नायिका झाडाआड गेले आणि पडद्यावर दोन फुलं एकमेकांवर टेकली, की प्रेक्षकाला जे कळायचं ते कळत असे. तमिळ कवींनी असा संकेतकोश अख्ख्या भूगोलातून तयार केला. डोंगर दिसला की चोरटं मीलन. रान दिसलं की वाट पाहणं. भातशेती म्हणजे नवऱ्याशी रुसवा, समुद्रकिनारा म्हणजे झुरणं, करपलेलं माळरान म्हणजे ताटातूट. या प्रत्येक भूमीला ‘तिणै’ म्हणतात, आणि तिचं नाव तिथल्या झाडाफुलावरून पडलं आहे.

तोल्काप्पियम् हा तमिळचा सगळ्यात जुना व्याकरणग्रंथ. त्यात चार भूमींचे चार देव सांगितले आहेत: रानाचा मायोन, म्हणजे सावळा, पुढचा तिरुमाल-विष्णू, पाण्याने समृद्ध शेतीचा वेंदन, म्हणजे राजा, यालाच पुढे इंद्र मानलं, वाळूच्या किनाऱ्याचा वरुण, आणि ढगांनी वेढलेल्या डोंगराचा सेयोन, म्हणजे तांबडा. हा तांबडा देव मुरुगन.

डोंगराच्या भूमीचं नाव कुरिंजी. बारा वर्षांनी एकदा फुलून निलगिरी आणि मुन्नारचे उतार निळेजांभळे करणारी ती नीलकुरिंजी. सह्याद्रीत भटकणाऱ्याला वेगळं सांगायला नको: आपली सात वर्षांनी फुलणारी कारवी हिच्याच कुळातली.

आता या डोंगरावरचा एक नेहमीचा देखावा. राळ्याचं, म्हणजे एका बारीक भरडधान्याचं, पीक कापणीला आलंय. पोपटांचे थवे उतरतायत. माळ्यावर उभी राहून कुरवर जमातीची पोर गोफणीने पाखरं हाकतेय. घरचं कुणी जवळ नाही, आणि तेवढ्यात शिकारीच्या निमित्ताने एक अनोळखी तरुण जनावराचा माग विचारत येतो. पुढचं वाचकाला कळतं. याच चौकटीत मुरुगनाची स्वतःची प्रेमकथाही बसते. त्याची प्रेयसी वळ्ळी ही राळ्याच्या शेताची राखण करणारी कुरवर मुलगी. तिची सविस्तर कथा नंतरच्या पुराणांत येते, पण नट्रिणै या संग्रहातल्या ८२व्या कवितेत प्रियकर आपल्या प्रेयसीला म्हणतो की तू मुरुगनाशी जीव जडून त्याच्यासोबत चालत गेलेल्या वळ्ळीसारखी दिसतेस. कथा तेव्हाच सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून तर एका ओळीत भागलं.

मुलगी वाळत चालली, आणि आईने भगताला बोलावलं

राळं कापून झालं. राखणीचं निमित्त संपलं. मुलगी घरात अडकली, भेटी थांबल्या. ती जेवेना, रंग उडाला, हातातल्या बांगड्या सैल होऊन गळायला लागल्या. आई घाबरली. हिला काय झालं? बाहेरचं काही लागलं का?

इथे एक शब्द समजून घ्यायला हवा: ‘अणंगु’. डोंगरात, झऱ्यात, काही झाडांत, तरुण स्त्रीच्या देहातही वस्ती करणारी एक शक्ती. पवित्र, पण धोक्याची. आपल्याकडे म्हातारी माणसं ‘त्या पिंपळाखालनं तिन्हीसांजेला जाऊ नये, जागा कडक आहे’ असं म्हणतात, त्यातला ‘कडक’ हा शब्द अणंगुच्या फार जवळचा वाटतो. मुरुगन हा अशा कडक जागांचा मालक. त्याने झपाटलं की तरुण पोरी वाळतात, असा समज.

आई आधी शकुन पाहणाऱ्या म्हातारीला बोलावते. ती सुपात दाणे घेऊन मोजते आणि कौल सांगते. कधी सागरगोटे टाकून निदान होतं. मुली खेळतात तेच सागरगोटे. कौल ठरलेला: ही मुरुगनाची बाधा.

मग येतो वेलन. तमिळमध्ये ‘वेल्’ म्हणजे भाला. हातात मुरुगनाचा भाला धरतो तो वेलन. आपल्या भाषेत देवऋषी म्हणा, भगत म्हणा. अंगणात वाळू पसरून मंडप घालतात, फुलांच्या माळा लावतात. वाद्यं दुमदुमू लागतात. कोकराचा बळी देतात, रक्तात कालवलेला भात किंवा राळं उधळतात. रात्र चढत जाते आणि वेलनाच्या अंगात मुरुगन येतो. तो घुमतो, नाचतो, बाधेचं कारण सांगतो. या सगळ्याला म्हणतात ‘वेऱियाट्टु’. ‘वेऱि’ म्हणजे उन्माद, ‘आट्टु’ म्हणजे नाच. अंगात येणं ज्याने खेड्यातल्या जत्रेत एकदा जरी पाहिलंय, त्याला याहून जास्त खुलासा नको.

देऊळ नाही, संस्कृत मंत्र नाहीत, पुजाऱ्याची जात-परंपरा नाही. देव बोलावला की येतो, माणसाच्या अंगात उभा राहतो आणि पहाटे जातो. तमिळ कवितेतली मुरुगनपूजेची सगळ्यात जुनी चित्रं अशी आहेत.

देवाची थट्टा चालते?

चालते, आणि तीही मनापासून. कारण मुलीला बाधा मुरुगनाची नाहीच. तिच्या मैत्रिणीला हे ठाऊक आहे, वाचकाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त आईला आणि वेलनाला. वैद्याने चुकीच्या रोगावर औषध द्यावं, तसा हा प्रकार.

कुरुंदोगै या संग्रहातल्या ३६२व्या कवितेत मैत्रीण वेलनाला अगदी साळसूदपणे विचारते. तिच्या बोलण्याचा भाव असा: म्हातारबा, रागावणार नसाल तर एक विचारते. तुम्ही रंगीबेरंगी भाताचे घास मांडले, कोकरू कापलं, हिच्या कपाळावर हात फिरवला, नैवेद्य दाखवला. पण हिला झपाटलंय ते त्या उंच डोंगरवाल्याच्या माळ घातलेल्या छातीने. ती छाती खाईल का हो तुमचा हा नैवेद्य? एका प्रश्नात बाधेचं निदान झालं, प्रियकराचा पत्ता कळला आणि आईच्या कानावरही घातलं गेलं.

अव्वैयार या कवयित्रीची एक छोटी कविता याच संग्रहात आहे. शंखमण्यांसारखे पांढरे लांब केस असलेली कौल सांगणारी म्हातारी डोंगरांची गाणी म्हणतेय. मुलीची मैत्रीण मध्येच म्हणते, आजीबाई, अजून एकदा म्हण, त्याच्या त्या उंच डोंगराचं गाणं पुन्हा म्हण. ‘त्याच्या’ या एका शब्दात सगळं फुटलं! मला विचाराल तर संगम कवितेतला हा सर्वांत चतुर ‘त्याच्या’.

अगनानूरु या संग्रहातल्या २२व्या कवितेत तर गंमत टोकाला जाते. घरात वेऱियाट्टु चालू आहे, सगळे त्यात दंग. पहारेकऱ्यांचा डोळा चुकवून, हत्तीवर दबा धरणाऱ्या वाघासारखा लपतछपत प्रियकर घरात शिरतो. मुलगी बरी होते. श्रेय मिळतं वेलनाला, आणि ती म्हणते, मला हसू नाही का येणार? ही कविता लिहिली एका बाईने. तिची ओळखच मुळी ‘वेऱिपाडिय’ कामक्कण्णियार, म्हणजे वेऱि गाणारी कामक्कण्णी, अशी आहे.

वेलन ही थट्टा गिळतो, पण नट्रिणै संग्रहातल्या ३४व्या कवितेत मैत्रीण थेट देवाकडेच वळते. भावार्थ: हे दुखणं तुझ्या बाधेचं नाही, हे तुला ठाऊक आहे. तरीही वेलनाने बोलावलं म्हणून कदंबाची माळ घालून, मान ताठ करून या घरी आलास. देव असशील तर अस, पण खुळाच आहेस. सुखी राहा, मुरुगा!

शिवी आणि आशीर्वाद एका दमात. विठोबाशी भांडणाऱ्या संतांची सवय असलेल्या आपल्याला हे ओळखीचं वाटेल, पण फरक आहे. संत भक्त म्हणून भांडतात. ही मुलगी भक्त वगैरे काही नाही. तिच्या घरी चुकीच्या पत्त्यावर पाहुणा आलाय, इतकंच.

‘या तर कविता. याला पुरावा कसा म्हणायचा?’

रास्त शंका आहे. वेऱियाट्टु हा कवितेतला ठरलेला प्रसंग होता. ऐंगुरुनूरु या संग्रहात कपिलर या कवीने फक्त याच विषयावर दहा कवितांचा एक सबंध गुच्छ लिहिला आहे. ठरलेल्या प्रसंगात कवी रंग भरणारच.

पण जात्यावरच्या ओव्या आठवा. पंढरपूरच्या देवळातली पूजा कशी होते हे ओवी सांगत नाही. विठ्ठल दळणाऱ्या बाईच्या घरात कोणत्या नात्याने वावरतो, बाप, भाऊ की पाहुणा, हे मात्र ओवीइतकं नेमकं दुसरं काहीच सांगत नाही. संगम कवितेचंही तसंच. शिवाय थट्टा कळायची तर मूळ विधी ऐकणाऱ्याच्या ओळखीचा असावाच लागतो. अनोळखी विधीवर विनोद होत नाही.

जमिनीखालूनही थोडा आधार मिळतो. २००४च्या त्सुनामीनंतर महाबलीपुरमजवळ साळुवनकुप्पम इथे एक कोरीव लेख उघडा पडला आणि त्याच्या मागावर खणताना मुरुगनाचं मंदिर सापडलं. वर पल्लवांच्या काळातलं दगडी बांधकाम आणि त्याच्या पोटात त्याहून जुनं विटांचं. हा विटांचा थर संगमकाळाचा असल्याचं उत्खनन करणाऱ्यांचं मत आहे. तिथे दगडी भालाही मिळाला.

मग कोकरू कुठे गेलं?

आज पळनीला जाऊन कोकराच्या बळीचं नाव काढा! तिथला प्रसाद पंचामृताचा. हा बदल एका रात्रीत झालेला नाही, आणि त्याची पावलं कवितेतच उमटली आहेत.

परिपाडल हा संगम साहित्यातला तुलनेने उशिराचा संग्रह. मूळ ७० गीतं होती असं सांगतात. आज २२ पूर्ण मिळतात, त्यांतली आठ मुरुगनाची. इथे देव अंगणात बोलावला जात नाही. लोक मदुरैहून तिरुप्परंकुंड्रमला जातात. नटूनथटून, घोड्यांवरून, बायकापोरांसह. एका गीतात तिथल्या चित्रशाळेचं वर्णन आहे: भिंतीवर काम-रती, शापित अहल्या, मांजराचं रूप घेऊन पळणारा इंद्र, आणि एकमेकांना ‘हे कोण, ते कोण’ विचारणारे यात्रेकरू. जत्रा म्हणजे जत्रा. पाचव्या गीताच्या अखेरीस येते ती मागणी मात्र नवी आहे: आम्ही तुझ्यापाशी धन मागत नाही, सोनं नाही, भोगही नाही, कृपा, प्रेम आणि धर्म ही तीनच मागतो.

बाधा उतरव म्हणणाऱ्या आईपासून आपण केवढे दूर आलो!

पुढचं पाऊल तिरुमुरुगाट्रुप्पडै. नाव लांबलचक आहे, अर्थ सोपा. ‘आट्रुप्पडै’ म्हणजे वाट दाखवणारं काव्य. राजाकडून बक्षीस मिळालेला भाट वाटेत दुसऱ्या गरीब भाटाला सांगतो: अमक्या राजाकडे जा, असा असा रस्ता आहे, भरपूर देईल. नक्कीरर या कवीने हाच साचा उचलला आणि राजाच्या जागी मुरुगन बसवला. ३१७ ओळींत तिरुप्परंकुंड्रम, समुद्रकाठचं तिरुच्चेंदूर, पळनी असे त्याचे सहा मुक्काम येतात. तमिळनाडूत आज ज्या सहा क्षेत्रांची यात्रा करतात, तिचं मूळ इथे आहे.

आणि गंमत म्हणजे शेवटच्या भागात, पळमुदिर्सोलै या सहाव्या मुक्कामाच्या रानात, वेलन परत येतो. कोकराचं रक्त, राळं, कोंबड्याची पताका, सगळं तसंच. नक्कीररने जुनी पूजा पुसली नाही. वैदिक मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांचं वर्णन एका भागात केलं आणि बळी देणाऱ्या डोंगरी लोकांचं दुसऱ्या. तोच देव दोघांकडे येतो. अखेरीस तो भक्तासमोर उभा राहतो तेव्हा अंगात वगैरे येत नाही. तो बोलतो: भिऊ नकोस, तू येणार हे मला ठाऊक होतं.

दोन बायकांचं भांडण, आणि जेजुरी

परिपाडलच्या नवव्या गीतात तिरुप्परंकुंड्रमवर देवसेना आणि वळ्ळी यांच्या बाजूंची जुंपते. दोन्हीकडच्या सख्या, मोर, पोपट, भुंगेसुद्धा एकमेकांवर तुटून पडतात. देवसेना देवांच्या घरची, रीतसर लग्न करून आणलेली. वळ्ळी डोंगरातली, प्रेमात पडून आणलेली.

हे वाचताना मराठी माणसाला म्हाळसा आणि बाणाई आठवल्याशिवाय राहत नाहीत. एक वाण्याघरची लग्नाची, दुसरी धनगराची, देव जिच्या पायी चाकर होऊन मेंढरं राखायला गेला ती. दोघींची भांडणं वाघ्या-मुरळी आजही गातात. खंडोबा म्हणजेच मुरुगन असं यावरून कुणी ठरवू नये. एका देवाने गावातल्या आणि रानातल्या अशा दोन समाजांना सोयरं करून घ्यायचं, तर दोन बायकांची कथा दख्खनपासून दक्षिणेपर्यंत कामी आली, एवढंच म्हणता येईल. अभ्यासकांनी ही तुलना बरीच केली आहे.

मग मुरुगन आणि स्कंद एकच की वेगळे?

या प्रश्नावर हल्ली आवाज चढतात. मूळचा तमिळ, की उत्तरेतून आलेला? विठ्ठलाचं उदाहरण घ्या. विटेवर उभा पंढरीचा देव आणि द्वारकेचा कृष्ण यांची मुळं एक की दोन, यावर ग्रंथ लिहिले गेले. वारीतल्या माणसाला दोन्ही नावं एकाच श्वासात घेताना अडखळायला होत नाही. तसंच इथे. भाला, कोंबडा, कदंब, वळ्ळी आणि अंगात येणं ही डोंगरी मुरुगनाची ओळख. सहा कृत्तिकांनी वाढवलेला, देवांचा सेनापती ही उत्तरेच्या स्कंदाची, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामीची. त्याची नाणी उत्तरेतल्या कुशाण राजांनी आणि यौधेय गणराज्याने पाडली. नक्कीररच्या काव्यात दोघे मिसळून गेलेले दिसतात. मिसळले म्हणून जुना खोटा ठरत नाही, आणि जुना होता म्हणून मिसळणं बाटवणंही ठरत नाही.

राहिला ब्रह्मचर्याचा मुद्दा. तो संस्कृत परंपरेतही सार्वत्रिक नाही. महाभारताच्या वनपर्वात स्कंदाचं देवसेनेशी लग्न लागतं. आपल्याकडे तो कडक ब्रह्मचारी झाला आणि बायकांना त्याच्यासमोर जायला बंदी आली. तमिळ कवितेत मात्र त्याला आपण ओळखतो ते बायकांच्याच डोळ्यांनी: घाबरलेली आई, सूप घेऊन बसलेली म्हातारी, गालात हसणारी मुलगी, आणि त्याला तोंडावर खुळा म्हणणारी तिची मैत्रीण.

ती खुळा म्हणणारी कविता ज्या कवीच्या नावावर आहे, त्याचं नाव तमिळ पोथ्यांत ‘पिरमचारि’ असं आलंय. म्हणजे ब्रह्मचारी.